पुण्यात बनणारी मलेरियाची लस आर२१: माझा रिव्ह्यू, आणि पॅरासाइटच्या व्हरायटीचा प्रश्न

मलेरियाच्या लसीबद्दल सध्या आपल्याकडे जे काही फिरतंय ना, ते सगळं एका ओळीचं असतं, पुण्याच्या सिरमने लस काढली, झालं, मलेरिया संपला. आणि दुसरीकडे काही लोक म्हणतात की संरक्षण ७५ टक्केच आहे म्हणजे फेल आहे. दोन्ही वाचून मला राहवलं नाही. माझं शिक्षण मायक्रोबायोलॉजीचं, एमएस्सीच्या प्रोजेक्टला मलेरियाचे पॅरासाइट, म्हणजे तो आजार करणारे परजीवी, हाताळलेत, त्यामुळे या विषयाशी जरा जास्तच जीव जोडलेला आहे. म्हणून आर२१/मॅट्रिक्स-एम या लसीचा नीट रिव्ह्यू लिहितेय, जसा आपण एखाद्या वस्तूचा लिहितो तसाच, काय चांगलं, काय कमी, कोणासाठी आहे आणि पुढच्या व्हर्जनमध्ये काय हवं. आधीच सांगते, माझ्याकडून पाचपैकी चार स्टार. कापलेला एक स्टार कशासाठी ते सविस्तर सांगायचंय, कारण त्याबद्दल मराठीत कोणी फारसं लिहिलेलं मला दिसलं नाही.

तर आधी वस्तू काय आहे ते बघू. ऑक्सफर्डच्या जेनर इन्स्टिट्यूटमध्ये एड्रियन हिल यांच्या टीमने डिझाइन केलेली, पुण्यात सिरममध्ये बनणारी, आणि मॅट्रिक्स-एम हा लसीचा जोर वाढवणारा भाग नोव्हावॅक्स या अमेरिकन कंपनीचा, जो चिलीमधल्या क्विलाया नावाच्या झाडाच्या सालीतल्या सॅपोनिनपासून तयार होतो. लसीच्या आत मलेरियाचा जिवंत किंवा मेलेला पॅरासाइट नसतो. डास चावल्यावर जे स्पोरोझोइट, म्हणजे पॅरासाइटचं डासातून येणारं रूप, आपल्या अंगात शिरतात त्यांच्या अंगावर सीएसपी नावाचं एक प्रोटीन पांघरलेलं असतं, त्या प्रोटीनचा एक तुकडा हिपॅटायटिस बी च्या पृष्ठभागाच्या प्रोटीनला जोडून यीस्टमध्ये वाढवतात, त्याचे बारीक गोळ्यासारखे कण बनतात आणि ते टोचतात. शरीर त्या तुकड्याविरुद्ध अँटीबॉडी बनवतं आणि पुढच्या वेळी डास चावला की स्पोरोझोइट लिव्हरपर्यंत पोचायच्या आत पकडले जावेत अशी अपेक्षा. पकडायला वेळ फार कमी असतो, काही मिनिटं ते फार तर काही तास, आणि एक जरी लिव्हरमध्ये घुसला तरी आठवड्याभरात त्याचे हजारो होऊन रक्तात उतरतात. या एवढ्याशा खिडकीत काम करायचं असतं हे लक्षात ठेवून मग ७५ टक्के या आकड्याकडे बघा.

तो आकडा कुठून आला? बुर्किना फासो, केनिया, माली आणि टांझानियातल्या पाच ठिकाणी ५ ते ३६ महिन्यांच्या ४,८७८ मुलांवर फेज थ्री ट्रायल, म्हणजे मंजुरीआधीची मोठी चाचणी, झाली, २०२४ मध्ये लॅन्सेटमध्ये छापून आली. जिथे मलेरिया ठरावीक मोसमात येतो आणि मोसमाच्या तोंडावर डोस दिले तिथे पहिल्या वर्षात ७५ टक्के, आणि जिथे वर्षभर मलेरिया असतो आणि वयानुसार डोस दिले तिथे ६८ टक्के. डब्ल्यूएचओने २ ऑक्टोबर २०२३ ला शिफारस केली, डिसेंबरमध्ये प्रीक्वालिफिकेशन, म्हणजे आंतरराष्ट्रीय संस्थांनी खरेदी करण्याजोगी असल्याचा शिक्का, दिलं, आणि जुलै २०२४ मध्ये कोत दिव्वार आणि दक्षिण सुदानमध्ये ती मुलांना द्यायला सुरुवात झाली. वर्षाला १० कोटी डोस बनवायची क्षमता आणि एका डोसची किंमत चार डॉलरच्या आत. या दोन गोष्टींसाठी मी मनापासून हात जोडते, कारण आधीच्या लसीचं सगळं घोडं नेमकं इथेच अडलं होतं.

आधीची लस म्हणजे जीएसके या ब्रिटिश कंपनीची आरटीएस,एस. तिला २०२१ मध्ये डब्ल्यूएचओची शिफारस मिळाली, पण डोस कमी आणि किंमत ९ युरोच्या वर. ट्रायलचे आकडे शेजारी ठेवून आर२१ तिच्यापेक्षा कितीतरी चांगली असं बरेच जण लिहितात, ते मला पटत नाही. दोघींची समोरासमोर तुलना करणारी ट्रायल झालेली नाही, ठिकाणं वेगळी, मोसम वेगळा, मुलांना आधीपासून मिळणारी औषधं आणि मच्छरदाण्या वेगळ्या, आणि डब्ल्यूएचओसुद्धा एकीला दुसरीच्या वर ठेवत नाही. उलट आरटीएस,एसकडे एक मोठी जमेची बाजू आहे, घाना, केनिया आणि मलावीमध्ये २०१९ पासून जो मोठा पायलट चालला त्यात लस मिळालेल्या वयोगटात एकूण मृत्यू १३ टक्क्यांनी कमी झाले. प्रत्यक्ष जीव वाचल्याचा पुरावा आहे तो. २०२३ या एका वर्षात जगात मलेरियाने ५ लाख ९७ हजार माणसं गेली, त्यातली बहुतेक आफ्रिकेतली आणि बहुतेक पाच वर्षांखालची, त्यामुळे १३ टक्के म्हणजे काय ते सांगायला नको.

आता त्या एका स्टारकडे येते.

प्रोजेक्टला असताना मी एमएसपी२ नावाच्या जीनवर पीसीआर करायचे, पॅरासाइटच्या वेगवेगळ्या जातींत या जीनची लांबी वेगळी असते. पेशंटच्या रक्ताचा थेंब फिल्टर पेपरवर वाळवलेला असायचा, त्यातून डीएनए काढायचा, दोन राउंड पीसीआर, आणि मग अगरोज जेलवर लोड करून करंट लावायचा आणि अर्ध्या-पाऊण तासाने यूव्हीखाली बघायचं. एका पेशंटची एकच लेन, त्यात एकच पट्टा दिसायला पाहिजे असं माझ्या डोक्यात होतं, आणि दिसायचे कधी दोन, कधी तीन, वेगवेगळ्या उंचीवर, एक स्पष्ट आणि एक फिकट. म्हणजे एकाच माणसाच्या अंगात, एकाच तापात, पॅरासाइटच्या दोन-तीन वेगळ्या जाती एका वेळी नांदतायत. मायक्रोस्कोपखाली सगळे सारखेच दिसतात, तीच अंगठी, तोच ठिपका, रिपोर्टवर एकच शब्द, फॅल्सिपेरम, म्हणजे मलेरियाच्या पॅरासाइटचा सगळ्यात घातक प्रकार. पण भात म्हटलं तरी आंबेमोहोर वेगळा, इंद्रायणी वेगळा आणि कोलम वेगळा, तसं आहे ते. आणि हा आपल्याकडचा मलेरिया, जिथे आफ्रिकेच्या मानाने डास चावण्याचं प्रमाण कितीतरी कमी आहे. आफ्रिकेतल्या जोरदार मलेरियाच्या गावातल्या मुलात तर यापेक्षा जास्त जाती एकत्र सापडणं नेहमीचंच.

आणि या जाती नुसत्या शेजारी राहत नाहीत. डासाने असं मिश्र रक्त प्यायलं की डासाच्या पोटात त्यांचे नर-मादी एकत्र येतात, जीन्सची अदलाबदल होते आणि डास पुढच्या माणसाला चावतो तेव्हा आधी कधीच नसलेलं कॉम्बिनेशन टोचतो. जिथे मलेरिया जास्त तिथे अशी मिसळ जास्त, म्हणून आफ्रिकेत ही विविधता सगळ्यात जास्त आणि आग्नेय आशियात कमी. आपली इम्युनिटी ज्या प्रोटीनवर तुटून पडते नेमक्या त्याच प्रोटीनमध्ये बदल सगळ्यात जास्त, कारण जो वेगळा दिसतो तो वाचतो. एकट्या पीएफईएमपी१ या प्रोटीनसाठी पॅरासाइट जवळजवळ ६० जीन बाळगून असतो, एक चालवायचा, इम्युनिटीने ओळखला की बंद करून दुसरा. म्हणूनच तर मलेरिया एकदा होऊन गेला तरी परत होतो, पुन्हा परत होतो.

मग लसीत कुठला पॅरासाइट घेतलाय? एकच. ३डी७ नावाचा. आर२१ काय आणि आरटीएस,एस काय, दोघींमधल्या सीएसपीच्या तुकड्याचा क्रम त्याच घराण्यातला, एनएफ५४ चा, ज्याचा ३डी७ हा क्लोन. याची गोष्ट मला नेहमी विचारात पाडते, हा एनएफ५४ मिळाला नेदरलँड्समध्ये, अ‍ॅमस्टरडॅमच्या स्किपोल एअरपोर्टजवळ राहणाऱ्या एका पेशंटमध्ये, जो देशाबाहेर गेलेलाच नव्हता, विमानातून आलेला डास चावला असावा असं मानतात. लॅबमध्ये तो छान वाढला, १९८७ मध्ये त्यातून ३डी७ वेगळा केल्याचं छापून आलं, २००२ मध्ये याच ३डी७ चा पूर्ण जीनोम पहिल्यांदा वाचला गेला, आणि मग जगभरच्या लॅबमध्ये तोच रेफरन्स झाला. सोयीचा होता म्हणून निवडला गेला, गावोगावच्या पॅरासाइटचा प्रतिनिधी म्हणून नाही. यात कोणाची चूक आहे असं मी म्हणत नाही, आरटीएस,एसचं काम १९८० च्या दशकातलं, तेव्हा हजारो नमुन्यांचे जीनोम वाचणं ही कल्पनाच नव्हती. पण २०२० च्या दशकातल्या लसीतही तोच क्रम जसाच्या तसा आहे, हे मला खटकतं.

खटकायचं कारण कोरडं तात्त्विक नाही, आकडे आहेत. आरटीएस,एसच्या फेज थ्रीमधल्या मुलांच्या रक्तातल्या पॅरासाइटचा सीएसपी जीन वाचून काढला, २०१५ मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये आलं ते. सीएसपीच्या शेवटाकडचा भाग, ज्याला सी-टर्मिनल म्हणतात, तो लसीशी तंतोतंत जुळत असेल तर पहिल्या वर्षात ५ ते १७ महिन्यांच्या मुलांमध्ये संरक्षण ५०.३ टक्के, आणि जुळत नसेल तर ३३.४ टक्के. इथपर्यंत ठीक आहे, पण खरी मेख पुढे आहे, त्यात पूर्ण जुळणारी इन्फेक्शन होती १३९ आणि न जुळणारी १,९५१. म्हणजे लस ज्या पॅरासाइटवर सगळ्यात चांगली चालते तो गावात शंभरात सात जणांच्याही वाट्याला येत नाही! हा पेपर मी पहिल्यांदा वाचला तेव्हा तो टेबल दोनदा तपासला होता. आर२१ मध्ये सी-टर्मिनलचा तोच भाग आहे, म्हणून आर२१ घेतलेल्या मुलांमधल्या पॅरासाइटचा जीनही असाच मोठ्या प्रमाणावर वाचून बघत राहायला हवा, हा माझा पहिला आग्रह.

याआधी जे झालंय ते बघितलं तर हा आग्रह का ते कळेल. मालीमधल्या बांदियागारा इथे एएमए१ या, पॅरासाइटच्या रक्तातल्या स्टेजवरच्या प्रोटीनची लस ४०० लहान मुलांवर तपासली, २०११ मध्ये रिझल्ट आला, एकूण संरक्षण १७.४ टक्के, म्हणजे नसल्यात जमा. पण लसीतल्या ३डी७ शी जुळणाऱ्या पॅरासाइटविरुद्ध ६४.३ टक्के! लस चालत होती, पण फक्त स्वतःच्या ओळखीच्यावर, आणि त्याच गावात एएमए१ चे दोनशेहून जास्त वेगळे प्रकार आधीच सापडलेले होते. त्याच्याही आधी, २००२ मध्ये पापुआ न्यू गिनीतल्या एका ट्रायलमध्ये लसीत एमएसपी२ चा ३डी७ प्रकार होता, तर लस घेतलेल्या मुलांमध्ये त्या प्रकारचे पॅरासाइट कमी झाले आणि दुसऱ्या, एफसी२७ घराण्यातल्या पॅरासाइटमुळे होणारं आजारपण वाढलेलं दिसलं. एकाला हुसकावलं आणि जागा दुसऱ्याने घेतली. हे दोन्ही अनुभव पचवलेले लोक आजही या क्षेत्रात आहेत, त्यामुळे धोका माहीत नाही असं नाही.

मग तरीही आर२१ इतकी चांगली कशी चालते? कारण सीएसपीच्या मधल्या भागात एनएएनपी अशी चार अमिनो आम्लांची एकच ओळ पुन्हा पुन्हा येते, कोणात जास्त वेळा कोणात कमी, पण ओळ तीच, आफ्रिकेत घ्या नाहीतर गडचिरोलीत घ्या. लसीत त्याच्या १८-१९ आवृत्त्या आहेत आणि अँटीबॉडीचा मोठा मारा तिथेच असतो. आर२१ ची रचना मला यासाठीच आवडते. आरटीएस,एसच्या कणात मलेरियाचा तुकडा जोडलेल्या प्रोटीनपेक्षा नुसतं हिपॅटायटिस बी चं प्रोटीन कितीतरी जास्त असतं, आर२१ मध्ये सगळंच जोडलेलं, त्यामुळे कणाच्या पृष्ठभागावर मलेरियाचा भाग दाट बसतो आणि हिपॅटायटिसकडे लक्ष कमी जातं. विविधतेवर मात करायचा हा एक मार्ग आहे, जे बदलत नाही त्यावर जोर लावा. साधा विचार आहे पण भारी आहे.

फक्त तो अर्धाच वापरलाय असं मला वाटतं. एनएएनपीच्या पट्ट्याच्या सुरुवातीला, जंक्शनपाशी एक छोटा भाग आहे आणि त्याला लागून एनव्हीडीपी या तशाच चार आम्लांच्या ओळीच्या थोड्या आवृत्त्या, हा भागही जवळजवळ सगळ्या पॅरासाइटमध्ये सारखाच असतो आणि तो या दोन्ही लसींमध्ये नाही. या जंक्शनला धरणारी सीआयएस४३एलएस नावाची तयार अँटीबॉडी मालीमध्ये मोठ्या माणसांना एकदा शिरेतून दिली तर मोठ्या डोसला सहा महिन्यांत ८८ टक्के इन्फेक्शन टळली, २०२२ चा रिझल्ट आहे. इतकी चांगली आणि न बदलणारी जागा समोर असताना पुढच्या लसीत ती यायलाच पाहिजे.

दुसरं म्हणजे आरएच५. पॅरासाइटला लाल पेशीत शिरायला आरएच५ हे प्रोटीन पेशीवरच्या बेसिजिन नावाच्या प्रोटीनला चिकटवावंच लागतं, त्यात फार फेरफार केला तर शिरताच येत नाही, म्हणून जगभरात त्यात बदल फार थोडे. ऑक्सफर्डच्याच आरएच५.१ लसीने, त्याच मॅट्रिक्स-एमसोबत, बुर्किना फासोत सहा महिन्यांत ५५ टक्के संरक्षण दिलं. रक्तातल्या स्टेजवरच्या लसीसाठी हा आकडा खरोखर मोठा आहे, एएमए१ चे दिवस बघितलेल्या माणसाला विचारा. आर२१ मधून जो स्पोरोझोइट निसटला त्याला पुढे रक्तात आरएच५ ने अडवायचं, अशी दुहेरी लस मला हवी आहे, दोन्हीकडून एकदम वेगळं दिसणं पॅरासाइटला फार जड जाईल. आपल्याकडे आयसीएमआरच्या भुवनेश्वरच्या संस्थेनेही २०२५ मध्ये अ‍ॅडफॅल्सिव्हॅक्स नावाची लस जाहीर केलीय, सीएसपी आणि डासातल्या स्टेजची प्रोटीन एकत्र करून, म्हणजे माणसालाही वाचवायचं आणि डासापर्यंत पॅरासाइट जाऊच द्यायचा नाही. अजून माणसांवरच्या ट्रायल बाकी आहेत, पण दिशा योग्य आहे.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, लसीसोबत सिक्वेन्सिंगची, म्हणजे पॅरासाइटचा डीएनए वाचण्याची, सर्व्हिस हवी. विकल्यानंतरची सर्व्हिस म्हणतात ना, तीच. मलेरियाजेन नावाच्या आंतरराष्ट्रीय नेटवर्कने २०२३ मध्ये ३३ देशांतले २०,८६४ फॅल्सिपेरमचे नमुने जीनोमसकट सगळ्यांसाठी फुकट खुले केले, नंतरच्या व्हर्जनमध्ये ते ३३,३२५ झाले. कुठल्या देशात सीएसपीचा कुठला प्रकार किती, हे कोणीही बघू शकतं. मी रात्री जागून बघत बसते कधीकधी, वेड लागल्यासारखं होतं. आता दोन्ही लसी मिळून वीसहून जास्त देशांत मलेरियाची लस चालू आहे, तर लस घेऊनही ज्या मुलाला मलेरिया झाला त्याच्या रक्ताचा एक थेंब फिल्टर पेपरवर घ्यायचा, वाळवायचा आणि वाचायचा, आणि शेजारच्या लस न घेतलेल्या मुलांशी ताडून बघायचा. दोन्हीकडे जाती त्याच असतील तर निर्धास्त, आणि लस घेतलेल्यांमध्ये एखादीच जात पुढे येताना दिसली तर पाच-दहा वर्षं आधीच कळेल. औषधांच्या बाबतीत क्लोरोक्विन हे जुनं औषध पॅरासाइटवर चालेनासं होऊन हातातून गेल्यावर जाग आली होती, इथे तसं होऊ नये एवढंच माझं कळकळीचं म्हणणं आहे. फ्लूची लस दरवर्षी स्ट्रेन बघून बदलतात, मलेरियाची दरवर्षी बदलायला नकोच, पण बघायला तर पाहिजे.

वापरणाऱ्याच्या दृष्टीने थोडं. चार डोस, पाच महिन्यांच्या वयापासून पुढे महिन्याच्या अंतराने तीन आणि वर्षभराने चौथा. चौथा डोस चुकवू नये, कारण अँटीबॉडी पहिल्या वर्षात बऱ्यापैकी खाली येतात, आणि ज्या गावात आईला कडेवर पोर घेऊन काही तास चालत दवाखान्यात जावं लागतं तिथे वर्षभराने परत बोलावणं सोपं नाही, हा या लसीचा दुसरा अवघड भाग. ट्रायलमध्ये जवळजवळ निम्म्या मुलांना ताप आला, इंजेक्शनची जागा काहींची दुखली, गंभीर असं फार काही नाही. २ ते ८ डिग्रीच्या साध्या लसीच्या फ्रिजमध्ये राहते आणि द्रव तयारच येतं, पावडर कालवायला लागत नाही, आरटीएस,एसला ते लागतं. गावातल्या नर्सला विचारा हा फरक केवढा आहे ते. मच्छरदाणी आणि मोसमातली औषधं मात्र चालूच ठेवायची, लस आहे म्हणून ती सोडायची नाहीत.

आणि आपल्यापैकी जे विचारतायत की पुण्यात बनते तर आम्हाला कधी, त्यांच्यासाठी: ही लस सध्या आफ्रिकेतल्या मुलांसाठीच दिली जातेय, आपल्या लसीकरणाच्या वेळापत्रकात नाही. शिवाय ती फक्त फॅल्सिपेरमची आहे. मुंबईत जो मलेरिया जास्त दिसतो तो व्हायवॅक्स या दुसऱ्या प्रकारच्या पॅरासाइटचा, त्याचं सीएसपी पूर्ण वेगळं, त्यातही व्हीके२१० आणि व्हीके२४७ असे दोन मोठे प्रकार, आणि तो लिव्हरमध्ये महिनोन्महिने लपून बसतो, त्यावर आर२१ चा काही उपयोग नाही. गडचिरोलीत फॅल्सिपेरम जास्त असतो, तिथल्या पॅरासाइटचा सीएसपी आणि आरएच५ आत्तापासून नियमित वाचायला सुरुवात व्हावी असं मला फार वाटतं, लस उद्या येवो की दहा वर्षांनी, आली तर तिच्याशी आपला पॅरासाइट किती जुळतो ते आधीच हातात असेल. मायक्रोबायोलॉजी, बायोटेक शिकणारं कोणी हे वाचत असेल आणि प्रोजेक्टचा विषय शोधत असेल तर हा घ्या, फिल्टर पेपर आणि पीसीआर मशीन यावर सुरुवात होते, आणि तुलनेसाठी मलेरियाजेनचा डेटा फुकट आहे.